जागा अडविणारी औषधे

औषध म्हणजे शरीरात जे कमी पडले असेल ते बाहेरून पुरविणारी वस्तू, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. रक्त कमी झाले तर लोह द्यावे, हाडे ठिसूळ झाली तर चुना द्यावा. पुढे रोगजंतूंचा शोध लागला आणि शत्रूला मारणारी वस्तू तीही औषध, ही दुसरी कल्पना रूढ झाली. परंतु वैद्यकात औषधांचा आणखी एक वर्ग आहे. ही औषधे शरीराला काही देत नाहीत आणि कोणाला मारीतही नाहीत. शरीरातील एका ठराविक जागी ती जाऊन बसतात आणि दुसऱ्याला तेथे बसू देत नाहीत, एवढेच त्यांचे काम. एस. टी. च्या खिडकीतून आत टाकलेला रुमाल स्वतः कोठे जावयाचा नसतो, पण तो जागा धरून ठेवतो. तशातलाच हा प्रकार होय.

रक्तदाब, हृद्‌शूल, काचबिंदू, उतारवयात लघवी अडण्याचा त्रास, अशा विकारांवर आज जी औषधे घरोघरी दिसतात, त्यांपैकी कित्येक या वर्गातील आहेत. ज्याची जागा ती अडवितात ते द्रव्य म्हणजे अ‍ॅड्रेनॅलीन आणि त्याचे भावंड नॉरअ‍ॅड्रेनॅलीन. म्हणून त्यांस अ‍ॅड्रेनॅलीनरोधक औषधे म्हणतात. त्यांचा इतिहास येथे सांगण्याचा आमचा हेतू केवळ शोधांची जंत्री देण्याचा नाही. या इतिहासाच्या मध्यभागी एक लहानसा भेद आहे. तो केला गेला तेव्हा त्यात व्यवहाराच्या उपयोगाचे काही आहे असे फारच थोड्यांना वाटले. पुढे मात्र रोगी जगतो की दगावतो हे त्याच भेदावर ठरू लागले. आणि तेही लंडन-न्यूयॉर्कच्या इस्पितळांतच नव्हे, तर आपल्या कोकणातील महाडच्या परिसरातही.

प्रथम अ‍ॅड्रेनॅलीनचे काम काय ते पाहू. अंधारात पायाजवळ काही सळसळले की आपण दचकतो. छाती धडधडू लागते, हातपाय गार पडतात, अंगाला दरदरून घाम सुटतो, डोळ्यांतील बाहुल्या विस्फारतात. हे सर्व आपण ठरवून करीत नाही. अनुकंपी नावाच्या मज्जातंतूंची एक व्यवस्था शरीरात आहे. ती संकटाची हाक देते. त्या तंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनॅलीन झिरपते आणि मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनॅलीन सोडतात. हृदय जोराने चालू लागते, कातडीकडील रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्त पळणाऱ्या किंवा झुंजणाऱ्या स्नायूंकडे वळते.

या ग्रंथींच्या अर्काने रक्तदाब चढतो, हे ऑलिव्हर व शेफर या इंग्रज संशोधकांनी १८९४-९५ च्या सुमारास दाखवून दिले. १९०१ मध्ये जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत हे द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळविल्याचे जाहीर केले. आता प्रश्न असा पडला की, रक्तातून वाहत जाणारे हे द्रव्य एका पेशीला ओळखते आणि दुसरीला ओळखत नाही, ते कशाच्या आधारावर? केंब्रिजच्या लँग्ली याने १९०५ मध्ये असे सुचविले की, पेशीवर एक 'ग्रहणशील द्रव्य' असले पाहिजे. बाहेरून आलेले औषध किल्ली मानले, तर हे ग्रहणशील द्रव्य म्हणजे कुलूप. आज त्याला आपण ग्राही म्हणतो. त्या काळी मात्र ग्राही कोणी पाहिलेला नव्हता. ती एक कल्पना होती आणि कित्येक नामवंत संशोधक तिच्याकडे शेवटपर्यंत संशयानेच पाहत राहिले.

पुढच्याच वर्षी या कल्पनेला अनपेक्षित दिशेने पुष्टी मिळाली. हेन्री डेल हा तरुण संशोधक लंडनमधील वेलकम प्रयोगशाळेत अरगटाचा अभ्यास करीत होता. अरगट ही राय नावाच्या धान्यावर पडणारी बुरशी. एके दिवशी त्याच्याकडे अधिवृक्क ग्रंथीच्या अर्काचा एक नमुना तपासणीसाठी आला. अरगट टोचलेल्या मांजरावरच त्याने तो तपासला. रक्तदाब चढावयाचा, तो उलट उतरला. डेलने नमुना निकामी ठरविला. पुढे दुसरा नमुना आला, त्याचेही तेच झाले. तेव्हा त्याच्या ध्यानात आले की नमुन्यात दोष नाही, अरगटानेच काही केले आहे. अरगट आधी जाऊन बसले की अ‍ॅड्रेनॅलीनची रक्तवाहिन्या आवळण्याची क्रिया बंद पडते आणि एरवी झाकून राहिलेली रक्तवाहिन्या सैल करण्याची क्रिया उघडी पडते. हे निरीक्षण त्याने १९०६ मध्ये प्रसिद्ध केले. अ‍ॅड्रेनॅलीनरोधक औषधांचा जन्म येथे झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु या प्रयोगाने एक कोडेही निर्माण केले. एकच द्रव्य रक्तवाहिनी आवळते आणि सैलही करते. गर्भाशय आकुंचित करते आणि शिथिलही करते. हे कसे? शिवाय अरगटाने वाहिन्यांचे आकुंचन थांबते, पण हृदयाची धडधड थांबत नाही. ती कशाने थांबेल? चाळीस वर्षे याचे समाधानकारक उत्तर सापडले नाही. १९३३ मध्ये कॅनन व रोझेनब्लूथ यांनी सांगितले की, शरीरात दोन निरनिराळी द्रव्ये तयार होत असावीत, एक उत्तेजक आणि एक शामक. म्हणजे भेद किल्लीत आहे असे त्यांचे म्हणणे; आणि ते पाठ्यपुस्तकांतून रूढ झाले.

भेद किल्लीत नसून कुलुपात आहे, हे ओळखणारा माणूस अमेरिकेतील जॉर्जिया संस्थानात ऑगस्टा येथील वैद्यकीय महाविद्यालयात शिकवीत होता. त्याचे नाव रेमंड आल्क्विस्ट. गर्भाशय सैल करून स्त्रियांच्या मासिक वेदना कमी करील असे औषध तो शोधीत होता. ते शोधता शोधता त्याने अ‍ॅड्रेनॅलीनच्या जातीची सहा द्रव्ये घेतली आणि प्रत्येकाचा जोर निरनिराळ्या अवयवांवर मोजला. त्याला असे आढळले की, या सहांचा अनुक्रम दोनच प्रकारे लागतो. रक्तवाहिन्या आवळण्याच्या कामी अ‍ॅड्रेनॅलीन सर्वांत पुढे आणि आयसोप्रेनॅलीन सर्वांत मागे. तर वाहिन्या सैल करणे आणि हृदयाला वेग देणे या कामी आयसोप्रेनॅलीन पहिले. तिसरा अनुक्रम नाही. द्रव्ये तीच असता क्रम बदलतो, त्या अर्थी त्यांस ओळखणारी कुलुपे दोन जातींची असली पाहिजेत. पहिल्या जातीला त्याने आल्फा म्हटले, दुसरीला बीटा. हृदय बीटाच्या बाजूला पडले, ही त्यातली विशेष गोष्ट.

हा निबंध त्याने प्रथम ज्या नियतकालिकाकडे पाठविला त्याने तो परत केला. १९४८ मध्ये तो अमेरिकेतील शरीरक्रियाविज्ञानाच्या एका नियतकालिकात छापला गेला, पण नंतर कित्येक वर्षे त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही. आल्फा आणि बीटा ही प्राध्यापकाने आपल्या सोयीसाठी दिलेली नावे, असेच बहुतेकांना वाटले असावे.

त्या काळी व्यवहारातील वैद्यक दुसऱ्याच वाटेने चालले होते, आणि त्या वाटेवर मुंबईचे नाव मोठे आहे. १९४९ मध्ये डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण 'ब्रिटिश हार्ट जर्नल' मध्ये सप्रमाण मांडला आणि आपल्याकडे परंपरेने चालत आलेली ही मुळी जगाच्या औषधकोशात गेली. तिच्यातील रेसर्पीन हे द्रव्य मज्जातंतूंच्या टोकांतील नॉरअ‍ॅड्रेनॅलीनचा साठाच रिकामा करते, हे पुढे कळले. म्हणजे सर्पगंधा हाक मारणाऱ्याचा आवाज बसविते. रोधक औषध ऐकणाऱ्याच्या कानावर हात ठेवते. पहिल्या उपायात सगळीकडची हाक एकदम क्षीण होते आणि मन उदास होण्यासारखे परिणामही होऊ शकतात. कोणता कान झाकावयाचा हे निवडावयाचे असेल, तर दुसऱ्याच मार्गाने जावे लागते. त्या मार्गाचा नकाशा आल्क्विस्टच्या निबंधात होता.

तो नकाशा उपयोगात आणला स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक याने. ग्लासगोच्या पशुवैद्यकीय शाळेत तो शरीरक्रियाविज्ञान शिकवीत असे. हृद्‌शूलाचा प्रश्न त्याच्या मनात घोळत होता. हृदयाच्या स्नायूला लागेल तेवढा प्राणवायू मिळाला नाही की छातीत कळ येते. तोवरचे उपचार पुरवठा वाढविण्याच्या खटपटीत होते. ब्लॅकने हिशेबाची दुसरी बाजू पाहिली. मिळकत वाढत नसेल तर खर्च कमी करावा, हे संसारात आपल्याला कळते; हृदयालाही ते लागू का पडू नये? अ‍ॅड्रेनॅलीनच्या हाकेसरशी हृदय धावते आणि प्राणवायू उधळते. ती हाक हृदयापुरती अडविली तर? १९५४ च्या एका पाठ्यपुस्तकात आल्क्विस्टने लिहिलेले प्रकरण त्याच्या वाचनात आले आणि अडवावयाचे ते बीटा, हे त्याला समजले.

१९५८ मध्ये तो आय. सी. आय. या कंपनीच्या संशोधनशाळेत दाखल झाला. त्याच वर्षी अमेरिकेत लिली कंपनीच्या पॉवेल व स्लेटर यांनी बीटा ग्राही अडविणारे पहिले द्रव्य प्रसिद्ध केले. पण ते कुलपात बसून स्वतःच ते थोडेसे फिरवीत असे. जागा धरून राहील पण कुलूप मुळीच फिरविणार नाही असे काही हवे होते. ब्लॅक आणि त्याचे रसायनज्ञ सहकारी यांनी १९६२ मध्ये प्रोनेथालॉल पुढे आणले. रोग्यांना गुण येऊ लागला. परंतु उंदरांमध्ये त्याने गाठी होतात असे दिसले आणि ते मागे घ्यावे लागले. मात्र तोवर दुसरे तयार झाले होते. १९६४ मध्ये प्रोप्रॅनोलॉलचा वृत्तांत प्रसिद्ध झाला आणि १९६५ मध्ये ते बाजारात आले. हृद्‌शूलासाठी ते शोधले. पण त्याने रक्तदाबही उतरतो, हे लंडनच्या प्रिचर्डने पाहिले. हृदयाचे अनियमित ठोके, थायरॉइडच्या विकारातील धडधड, हातांचा कंप, अर्धशिशी, असे त्याचे उपयोग एकामागून एक वाढत गेले. काचबिंदूत याच जातीच्या टिमोलॉलचे थेंब डोळ्यातील द्रवाची निर्मिती कमी करून आतील दाब उतरवितात.

धोकेही लवकरच कळले. श्वासनलिका उघड्या ठेवण्याचे काम बीटा ग्राहीच करतात. त्यामुळे दमेकऱ्याला ही गोळी दिली तर नलिका आवळून जीव गुदमरू शकतो. १९६७ मध्ये लँड्स व त्याच्या सहकाऱ्यांनी बीटाचेही दोन पोटभेद दाखविले. हृदयावर मुख्यतः पहिला, श्वासनलिकांवर मुख्यतः दुसरा. मग केवळ पहिल्यावर बसणारे प्रॅक्टोलॉल १९७० मध्ये आले. मोठ्या आशेने ते दिले गेले. पण काही रोग्यांचे डोळे कोरडे पडून दृष्टी गेली, काहींच्या पोटातील पडदा जाड होऊन आतडी जखडली. १९७५ पासून त्याचा वापर आवरावा लागला. १९७६ मध्ये आलेल्या अ‍ॅटेनोलॉलने ती जागा घेतली. आणखी एक गोष्ट रोग्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बरेच दिवस जागा अडवून ठेवली की पेशी जादा ग्राही तयार करतात. अशा वेळी गोळी अकस्मात बंद केली तर हृदयावर हाकेचा एकदम भडिमार होतो. म्हणून ही औषधे वैद्याच्या सल्ल्याने हळूहळूच सोडावयाची असतात.

या औषधांनी आयुष्य खरोखर वाढते काय, याचे उत्तर मिळण्यास १९८१ साल उजाडावे लागले. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १,८८४ रोग्यांवर नॉर्वेत टिमोलॉलची परीक्षा झाली. खोटी गोळी घेणाऱ्यांत १५२ मृत्यू झाले, खरी घेणाऱ्यांत ९८. याहूनही मोठे नवल पुढे घडले. दुबळ्या झालेल्या हृदयाला अ‍ॅड्रेनॅलीनचाच तेवढा आधार असतो, म्हणून हृदय थकलेल्या रोग्याला बीटारोधक देणे म्हणजे त्याच्या हातची काठी काढून घेणे, असे सर्वत्र शिकविले जात होते. १९७५ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्गच्या वागस्टाइन व त्याच्या सहकाऱ्यांनी अशा सात रोग्यांना ही औषधे दिली आणि ते सुधारले, असे लिहिले. बहुतेकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. पण १९९९ मध्ये २,६४७ रोग्यांच्या परीक्षेत खोट्या गोळीच्या गटात २२८ तर बिसोप्रोलॉलच्या गटात १५६ मृत्यू झाल्याचे दिसले, तेव्हा वाद मिटला. हाताला काठी वाटत होती, ती वस्तुतः चाबूक होती. मात्र मात्रा अगदी थोडी, आणि तीही सावकाश वाढवीत न्यावी लागते. दुसरीकडे, झटक्यानंतरही ज्यांच्या हृदयाची शक्ती शाबूत आहे अशा ५,०२० रोग्यांवरील परीक्षेत बीटारोधकाने लाभ होत नाही, असे २०२४ मध्ये दिसून आले. शास्त्रात कालचा नियम आज पुन्हा मोजावा लागतो, तो असा.

आता आल्फाकडे वळू. आल्फा अडविणारी औषधे खरे तर आधी आली होती, पण रक्तदाबावर ती नीट चालली नाहीत. रक्तदाब उतरे, पण छाती विलक्षण धडधडू लागे. त्याचे कारण १९७० नंतर उलगडले. मज्जातंतूच्या टोकावरच एक आल्फा ग्राही असतो. पुरेसे नॉरअ‍ॅड्रेनॅलीन झिरपले की तो तंतूला 'पुरे' म्हणून सांगतो. जुनी औषधे त्यालाही झाकीत. मग तंतू थांबतच नसे आणि उघड्या राहिलेल्या बीटावर त्याचा सारा मारा होई. प्राझोसिन हे औषध १९७० नंतरच्या दशकात प्रचारात आले. ते रक्तवाहिन्यांवरील आल्फा अडविते, पण हा 'पुरे' म्हणणारा ग्राही मोकळा ठेवते. पहिल्या मात्रेनंतर रोगी एकदम उठला तर त्याला घेरी येऊ शकते, हा त्याचा दोष. प्रोस्टेट वाढून लघवी अडते तेव्हा मूत्राशयाचे तोंड सैल करण्यासाठी याच जातीची औषधे वापरतात.

आल्फा आणि बीटा यांचा भेद जीवघेणा कसा ठरतो, याचे पाठ्यपुस्तकातील उदाहरण म्हणजे फिओक्रोमोसायटोमा, अर्थात अधिवृक्क ग्रंथीतील एक गाठ. ती रक्तात अ‍ॅड्रेनॅलीन व नॉरअ‍ॅड्रेनॅलीन अक्षरशः ओतीत असते. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला प्रथम आल्फारोधक द्यावा आणि गरज पडली तर मागाहून बीटारोधक, असा दंडक आहे. क्रम उलटा केला तर वाहिन्या सैल करणारी बाजू बंद होते, आवळणारी उघडी राहते आणि रक्तदाब प्राणघातक उंचीला जातो. ही गाठ मात्र क्वचितच पाहावयास मिळते. तिच्यासारखेच अरिष्ट कोकणात दर उन्हाळ्या-पावसाळ्यात अनेक घरांवर येत असते, आणि ते आणणारा जीव असतो बोटाएवढा.

आम्ही लाल विंचवाबद्दल बोलत आहोत. गवताच्या भाऱ्यात, दगडांखाली, चपलेत तो दडलेला असतो. त्याचे विष मज्जातंतूंच्या दारांवर काम करते. सोडियमची दारे उघडी राहतात आणि तंतू हाकेमागून हाक देत सुटतात. शरीराचा सारा अ‍ॅड्रेनॅलीनचा साठा एकदम बाहेर पडतो. रोग्याला उलट्या होतात, घामाने कपडे भिजतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात. रक्तवाहिन्या इतक्या आवळतात की हृदयाला त्या विरोधापुढे रक्त ढकलवत नाही. ते थकते, फुफ्फुसांत पाणी भरते, तोंडाला फेस येतो. लहान मुले यात फार दगावत. मंत्र, मुळ्या, भूल पाडणारी औषधे, स्टिरॉइडे असे नाना उपाय होत. पण यश बेताचेच.

मूळचे जालना जिल्ह्यातील डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास महाड तालुक्यात सरकारी आरोग्य केंद्रावर रुजू झाले. विंचू चावलेल्या रोग्यांच्या उशाशी बसून कोणती लक्षणे कोणत्या क्रमाने येतात, रक्तदाब केव्हा चढतो आणि केव्हा कोसळतो, हे ते टिपीत गेले. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट' मध्ये छापली गेली. विकार जर आवळलेल्या वाहिन्यांचा आहे, तर आल्फाचे कुलूप बंद केले पाहिजे, हा विचार त्यातून सरळ निघतो. आणि प्राझोसिन हे नेमके तेच करणारे, तोंडाने देता येणारे औषध होते. शिरेतून ठिबकणारी जालीम औषधे देता येत असत, परंतु त्यांसाठी क्षणोक्षणी रक्तदाब पाहणारा माणूस उशाशी हवा. खेड्यातील केंद्रावर तो कोठून आणावयाचा? गोळी तेथे चालते. १९८६ मध्ये प्राझोसिनचा अनुभव 'लॅन्सेट' मध्येच प्रसिद्ध झाला. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शेकडा तीस ते चाळीस दगावत. हे प्रमाण पुढे शेकडा एकाच्या खाली आले, असे बावस्करांच्या नोंदी सांगतात.

या रोग्याची नाडी धावत असते, छाती धडधडत असते. धडधडीवर बीटारोधक, एवढेच ज्याला ठाऊक आहे तो प्रोप्रॅनोलॉल द्यावयास जाईल. तसे केले तर आवळलेल्या वाहिन्या तशाच राहून थकलेल्या हृदयाचे उरलेले बळही जाईल. दोन्ही गोळ्या अ‍ॅड्रेनॅलीनरोधकच. एक तारते आणि दुसरी मारते. ऑगस्टाच्या प्राध्यापकाने केलेला भेद निरुपयोगी होता की नाही, हे येथे दिसते.

बावस्कर पतिपत्नींनी काम येथे थांबविले नाही. प्राझोसिन हाक अडविते, पण विष शरीरात असतेच. म्हणून सत्तर रोग्यांपैकी अर्ध्यांना केवळ प्राझोसिन आणि अर्ध्यांना त्याच्या जोडीला विंचवाची प्रतिविषलस देऊन त्यांनी तुलना केली. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रोगी जोडउपचारात पस्तीसपैकी बत्तीस होते, केवळ प्राझोसिनवर आठ. हा वृत्तांत २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' मध्ये आला. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

आल्क्विस्टला १९७६ मध्ये ब्लॅकबरोबर लॅस्कर पुरस्कार मिळाला. १९८३ मध्ये तो निवर्तला. ब्लॅकला १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. लँग्लीपासून शंभर वर्षे जो केवळ अनुमानाने मानला होता, त्या बीटा ग्राहीच्या एका पोटभेदाची रचना २००७ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रत्यक्ष दिसली. ग्राही फार चंचल असतो, तो स्थिर राहावा म्हणून त्याच्या जागेत एक रोधक औषध बसविलेले होते. कोब्रिल्का आणि लेफ्कोविट्झ यांना या विषयातील कामासाठी २०१२ चे नोबेल मिळाले.

सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या संशोधनाविषयी आपल्याकडे नेहमी विचारले जाते की, याचा उपयोग काय? हा प्रश्न गैर नाही, पण उत्तरासाठी किती काळ थांबावयाचे हेही ठरविले पाहिजे. सहा द्रव्यांचा अनुक्रम दोनच प्रकारे लागतो, या १९४८ मधील निष्कर्षाचा उपयोग त्या वर्षी कोणालाही सांगता आला नसता. हृद्‌शूलाच्या रोग्याला तो मिळण्यास सोळा-सतरा वर्षे लागली आणि महाडच्या मुलाला जवळजवळ चाळीस. शिवाय तो आपोआप मिळाला नाही. आल्क्विस्टचा निबंध वाचणारा ब्लॅक लागला, तसा रोग्याच्या उशाशी रात्र काढून रक्तदाबाचे आकडे लिहिणारा खेड्यातील डॉक्टरही लागला. यांतील एकजण नसता, तर प्राझोसिनची गोळी महाडच्या औषधांच्या कपाटात असूनही त्या मुलाच्या काही कामाची नव्हती.